दाराशेजारचा कट्टा

ओल्या लोकरीचा वास आधी घशाला कळतो, नाकाला नंतर. जरा कोंदट, जरा तुपकट, आणि तळाशी जनावराच्या अंगाची ऊब. शारजात डिसेंबर उलटला की एखाद्या पहाटे अल नहदाच्या इमारती धुक्यात बुडतात, समोरच्या टॉवरवरचे लाल दिवे तेवढे अधांतरी उरतात, आणि गॅलरीत विसरलेला माझा स्वेटर दवाने जड होतो. तो आत घेताना मी तोंड फिरवते. तरी वास येतोच, आणि त्याच्या मागून एक गाव येतं.

गाव म्हणणंही जास्तच. वेल्समधल्या दोन टेकड्यांच्या बेचक्यात, ओढ्याला धरून बसलेली मूठभर घरांची वस्ती. मी ती कधीच पाहिलेली नाही. पण तिथल्या पाटीच्या दगडाची छपरं भिजल्यावर जांभळी होतात आणि वाळल्यावर राखी, हे मला ठाऊक आहे. तिथलं फाटक निळ्या सुतळीने बांधलेलं असतं. टेकडीवरचं नेच्याचं रान पानगळीच्या दिवसांत गंजासारखं तांबडं होतं, आणि मेंढ्या एकमेकींना हाका मारतात तेव्हा प्रत्येक कोकराला आपल्याच आईचा आवाज कळतो. वस्तीच्या नावातला पहिला ध्वनी मला बरेच दिवस जमत नव्हता. जीभ ‘ल’साठी टाळूला टेकवायची आणि आवाज न करता दोन्ही कडांनी वारा सोडायचा, वाळूवरून वाळू सरकावी तसं काहीसं ऐकू येतं. मला तो ध्वनी आजही काढता येतो. नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. लिहिलेलं नाव टिकतं, आणि त्या वस्तीचं काहीही माझ्या हातून टिकावं अशी माझी इच्छा नाही.

ती वस्ती मला दिली एमरिसने. तो आमचा साहेब. ते मंदीच्या आधीचं, दुबईत क्रेनांचं जंगल माजलेलं वर्ष होतं. कुणी समुद्रात बेटं काढत होतं, कुणी उन्हात बर्फ पाडत होतं. आमच्या कंपनीने रास अल खैमाच्या पुढे, सिमेंटच्या कारखान्यांची धूळ संपते आणि डोंगरांचा पायथा सुरू होतो तिथे, एक अख्खं वेल्श खेडं उभारायचं ठरवलं. ओढा, पूल, मेंढ्यांचे पुतळे, प्रार्थनाघरासारखं दिसणारं क्लबहाउस. नमुना म्हणून एमरिसने आपलंच गाव दिलं होतं, आणि पहिलं घर त्याच्या आईचं. माहितीपुस्तिकेचा मजकूर माझ्याकडे आला. मी मराठी कवितेत एम.ए. केलेली, पोटासाठी इंग्रजी जाहिराती लिहिणारी बाई. एमरिसशी माझं सगळं बोलणं इंग्रजीतच झालं. इथे ते मी माझ्या भाषेत आणते आहे, कारण त्याच्या भाषेत त्याच्यासाठी मी पुरेसं लिहून दिलं आहे.

एका सकाळी त्याने माझ्या टेबलावर प्लास्टिकची पिशवी ठेवली.

“हुंग.”

“काय आहे हे?”

“आमच्या घरच्या मेंढीचा कोट. तिने आनंदाने दिला नाही, पण दिला.” त्याने कूलरमधून पेलाभर पाणी आणलं आणि त्या मळकट लोकरीवर ओतलं. “आता हुंग. कोरड्या लोकरीला काही आठवत नाही.”

बोलणं गोड होतं त्याचं, हे मी नाकारत नाही. मी वाकले, आणि क्षणात मिरजेला होते. वडील रेल्वेत होते. आमच्या क्वार्टरच्या दाराला लागून एक दगडी कट्टा होता. दुपारी तीननंतर त्यावर सावली यायची आणि सावलीबरोबर आई यायची. घोंगडीची चौपदरी घडी घालून ती कट्ट्यावर टाकायची आणि भाजी निवडत बसायची. धुतलेल्या भाजीचं पाणी घोंगडीवर निथळलं की हाच वास सुटायचा. शाळेतून येताना वळणावरच तो मला लागायचा, आणि आई घरात आहे हे आई दिसायच्या आधी कळायचं.

मी एमरिसला विचारलं, “तुझी आई बसायची कुठे?”

“बसायची?” तो हसला. “माझ्या आईला बसलेली कुणी पाहिलीय? खिडकीच्या काचेवर अंगठी वाजवून हाका मारायची. आम्ही ओढ्यात. टक टक टक. म्हणजे जेवण.”

“दाराशी काय होतं?”

“चिखल.”

मग मीच त्या बाईला बसायला जागा दिली. पुस्तिकेत लिहिलं: दाराशेजारी एक दगडी कट्टा आहे, दुपार कलली की त्यावर सावली येते, आणि सावलीबरोबर घरातली बाई. चूक होती ती. वेल्समधली माणसं सावली शोधत नाहीत, ती उन्हाच्या कवडशासाठी झुरतात. सावलीत बसायला जागा हवी, हे उन्हाच्या मुलखातल्या बाईलाच सुचणार. पण पुस्तिका वाचणारेही सगळे उन्हाच्याच मुलखातले. आर्किटेक्टने मजकूर वाचून कट्टा नकाशात घेतला. नकाशावरून तो ऑफिसातल्या लाकडी मॉडेलमध्ये आला, आणि पायथ्याच्या वाळूत एमरिसच्या आईचं घर उभं राहिलं ते खऱ्याखुऱ्या दगडी कट्ट्यासकट. मॉडेल आलं त्या दिवशी एमरिसने करंगळीने तो इवलासा कट्टा चाचपला. “अगदी असाच,” तो म्हणाला. मला वाटलं, असू दे. दोन आया एका दाराशी बसतील.

आज ते वाक्य आठवलं की माझे दात एकमेकांवर घासतात.

मग मंदी आली. इथे ती आवाजाने आली नाही, आवाज थांबल्याने आली. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून रात्रंदिवस ऐकू येणारी, पायात खांब ठोकणाऱ्या पायलिंगची ठकठक एका आठवड्यात विरळ झाली आणि मग थांबली. क्रेना आहेत तिथेच मान वाकवून उभ्या राहिल्या. शेजारचे नमस्कार न करता निघून जाऊ लागले. इमारतीखाली त्यांनी टाकून दिलेल्या, धुळीने माखलेल्या गाड्यांवर पोरं बोटांनी चित्रं काढू लागली. वाळूतल्या खेड्यात एमरिसच्या आईचं घर तेवढं पुरं झालं होतं. बाकीच्या घरांना छपरं नव्हती, पुलाखाली ओढा नव्हता.

त्याच थंडीत, धुक्याच्या दिवसांत, मिरजेहून धाकट्या भावाचा फोन आला. आईला आयसीयूत हलवलं होतं.

इथे एक रीत सांगायला हवी. कायद्यात ती नव्हती, पण तेव्हा इकडच्या कितीतरी कंपन्यांत होती: कामावर रुजू झालं की आपला पासपोर्ट कंपनीच्या लॉकरमध्ये जायचा. गावी जायचं तर साहेबाने सही करायची, साहेबाने लॉकर उघडायचा, मग पासपोर्ट हातात. आम्ही सगळे ते इतकं गृहीत धरून होतो की त्यात कुणाला काही वावगं दिसत नसे. साहेब लोकांचे पासपोर्ट मात्र त्यांच्या स्वतःच्या खिशात असत.

गुरुवारची संध्याकाळ होती. तेव्हा शुक्रवार-शनिवार सुट्टी, आणि रविवारी आठवडा सुरू व्हायचा. एमरिस कोट चढवत होता.

“सर, एक सही हवी आहे. पासपोर्ट. आई आयसीयूत आहे.”

“अरे अरे.” त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “वाईट झालं. रविवारी. सकाळी सगळ्यात आधी.”

“सर, चावी तुमच्या खिशातच आहे. दोन मिनिटांचं काम—”

“रविवारी. शब्द देतो.” तो घड्याळाकडे पाहत होता. टेबलावरची आपल्या आईची तसबीर त्याने हातातल्या बॅगेत सरकवली. मी ते पाहिलं, आणि पाहूनही मला काही कळलं नाही.

त्या रात्री भावाने फोन आईच्या कानाशी धरला. नळीतून येणारा श्वास आधी ऐकू आला, शिट्टीसारखा. मी म्हटलं, “आई, मी येतेय गं.” बऱ्याच वेळाने तिकडून एक शब्द आला.

“कधी?”

मी म्हटलं, “रविवारी सही होतेय आई. झाली की निघालेच.”

ती शनिवारी पहाटे गेली. भावाने विचारलं, “ताई, लोक जमलेत. थांबू का?” बाहेर धुकं इतकं दाट होतं की गॅलरीचा कठडाही दिसत नव्हता. मी म्हटलं, “नका थांबू.”

रविवारी मी तरीही ऑफिसला गेले. निदान तेराव्याला पोचावं म्हणून. शमीमभाभी दाराशीच भेटली. रत्नागिरीची, आमच्याकडे सगळी प्रशासनाची कामं बघायची. तिच्या तोंडाला ऑफिसात सगळे वचकून असत.

“अगो, गेला तो.”

“कोण?”

“तुझा साहेब. गुरुवारच्या रातच्या विमानानं. टेबल बघ जा, पेन्सिल ठेवली नाय मुडद्यानं. चावी पण त्याच्याच खिशात गेली.”

“परत कधी येणार?”

“परत?” ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि तिचा आवाज उतरला. “बाय माझे, हल्ली जाणारा कोण परत येतो? त्याला ठावं होतं. तिकीट आधीचं काढलेलं.”

म्हणजे रविवार नव्हताच. माझ्या मरणाऱ्या आईला मी जो वार सांगितला, तो त्याने मला द्यायच्या आधीच खोटा होता. तो आपल्या आईकडे पोचला होता, जिला काहीही झालेलं नव्हतं. तिने काचेवर अंगठी वाजवली असेल आणि तो जेवायला आत गेला असेल.

मॉडेल अजून मधल्या टेबलावर होतं. मी त्यातलं आईचं घर दोन बोटांत धरून उपटलं. तळाशी गोंदाचा पिवळा डाग राहिला.

“घे, घे,” शमीमभाभी म्हणाली. “त्याच्या बापाचं काय जातंय?”

लॉकर फोडून पासपोर्ट हातात आला तोवर मिरजेचे विधी उरकले होते. घाई करून गाठावं असं कुणी उरलं नव्हतं.

ते लाकडी घर तेव्हापासून माझ्या बैठकीच्या खिडकीत आहे, दार भिंतीकडे करून. मी घरात रोज फडकं मारते; इथली धूळ म्हणजे दुसरी भाडेकरू. त्या घरावरून मात्र मी हात फिरवत नाही. त्याच्या छपरावर आता वाळूचा बोटभर थर आहे. मुलगी लहान असताना एकदा ते पुसायला गेली, तेव्हा मी अशी ओरडले की तिने हातातलं फडकं टाकलं. “इट्स जस्ट अ टॉय, आई,” ती म्हणाली. तिचं बरोबर होतं.

दर थंडीत, धुकं पडायला लागलं की, मी रास अल खैमाला जाते. नवरा सुरुवातीला सोबत यायचा. “लोक थंडीत डोंगर बघायला जातात, आमची बाई पडीक साइट बघायला,” तो म्हणायचा. “डबा, थर्मास, चटई. नवस फेडायला निघाल्यासारखी.” खरंच तसंच होतं ते. मी थर्मासातला चहा पीत खेडं कोसळताना बघायची. वाळू पुलाच्या कमानीपर्यंत चढली. फायबरच्या मेंढ्या आधी गुडघ्यापर्यंत गेल्या, मग मानेपर्यंत. त्यांच्या हसऱ्या तोंडांवर खऱ्या शेळ्या पाठ घासू लागल्या. क्लबहाउसची रंगीत काच फुटली. मला प्रत्येक गोष्टीचा आनंद झाला. कवितेने मला जे शिकवलं ते सगळं मी या आनंदासाठी वापरलं: थांबून पाहणं, तपशिलाला नाव देणं, घाई न करणं. वाळूतलं खेडं पुरेनासं झालं की डोळे मिटून मी खऱ्या वस्तीत शिरायची. तिथला ओढा आटवायची. मेंढ्यांच्या हाका एकेक करून विझवायची, कोकरांना आयांचे आवाज विसरायला लावायची. सगळ्यात शेवटी त्या खिडकीची काच काढून घ्यायची, म्हणजे अंगठी वाजवायला काही उरू नये.

सूड घेणारी माणसं आतून जळतात असं आपण लहानपणापासून ऐकतो. मी जळले नाही. माझी तब्येत चांगली आहे, झोप चांगली आहे. पुरणपोळ्या मऊ होतात. सूड माझ्या घरात लोणच्यासारखा राहिला. ओला हात न लावता, बरणीचं तोंड फडक्याने बांधून. दर थंडीत दादरा सोडून पाहते. मुरतो आहे.

एवढं मात्र खरं, की आईचं घर पडलं नाही. ते एकटंच पुरतं बांधलेलं होतं. त्याच्या कट्ट्यावर दुपारी तीननंतर सावली येते. आर्किटेक्टने माझा मजकूर फार इमानाने वाचला होता. मी चटई त्या कट्ट्यावरच टाकते. रखवालदार खान माझ्या ओळखीचा झाला आहे, माझ्यासाठी फाटक उघडतो. एकदा त्याने विचारलं, “मॅडम, ये आप का प्लॉट है?” मी म्हटलं, “नहीं खानसाब. सिर्फ ये बैठने की जगह.” तो हसला नाही, मान हलवून बाजूला झाला. इथे प्रत्येकाची कुठेतरी एक बसायची जागा राहून गेलेली आहे.

परवा त्याचाच फोन आला. जागा विकली गेली होती, पुढच्या आठवड्यात बुलडोझर येणार होते. “खलास, मॅडम. एक बार देख लो.” मी शुक्रवारी जायचं ठरवलं. गाडीत पेट्रोल भरून ठेवलं, थर्मास धुऊन पालथा घातला.

आणि काल, गुरुवारी, एमरिसचा फोन आला. वार मी निवडला नव्हता.

“ओळखलंस का? नंबर शमीमने दिला. रागावली माझ्यावर खूप, पण दिला.”

इतक्या वर्षांनी आवाज म्हातारा झाला होता, गोडी तशीच. तो दुबईत आला होता, शनिवारी रात्री परत जाणार होता. मी विचारलं नाही, तरी तो सांगत गेला. आई दोन वर्षांपूर्वी गेली. “माझ्या हातात हात होता तिचा,” तो म्हणाला. “शेवटच्या रात्री मी जवळच होतो. ते एक बरं झालं.”

“हो,” मी म्हटलं. “ते बरं होतं.”

मग भावाने घर विकलं. शहरातल्या माणसांनी घेतलं, सुट्टीत येऊन राहायला. खिडकीची भिंतच पाडून तिथे काचेचा मोठा दरवाजा केला आहे. मेंढ्यांच्या कोंडवाड्यात गरम पाण्याचा हौद. वस्तीतली सगळीच घरं तशी गेली. हिवाळ्यात एकाही धुराड्यातून धूर निघत नाही. त्याला आत पाऊल टाकू दिलं नाही कुणी. मी ऐकत होते आणि माझ्या अंगातून काहीतरी थंड, स्वच्छ वाहत होतं. मी इथे बसून डोळे मिटून जे जे केलं होतं, ते कुणीतरी तिथे उघड्या डोळ्यांनी केलं होतं. खिडकीसुद्धा.

“पण आपलं ते घर आहे ना अजून?” त्याने विचारलं. “शमीम म्हणाली तू जातेस तिथे. रस्ता वाळूखाली गेलाय म्हणे, आणि रखवालदार तुझ्याशिवाय कुणाला आत सोडत नाही. मला नेशील? मला आत जायचंही नाही. फक्त दाराशेजारच्या त्या कट्ट्यावर बसायचंय.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुला आठवतो ना कट्टा? दुपारी तिथे सावली यायची आणि आई येऊन बसायची. मला अगदी डोळ्यांसमोर दिसतं. काहीतरी अंथरायची खाली, लोकरीचं. मला डोळे मिटले की तोच वास येतो.”

फोन कानाशी धरून मी खिडकीपाशी गेले. बाहेर धुकं उतरायला लागलं होतं. भिंतीकडे तोंड केलेलं लाकडी घर, त्याच्या छपरावरची वाळू. त्या माणसाने माझ्या आईची माझ्याशी होणारी शेवटची भेट नेली होती, हे मला ठाऊक होतं. तो माझी आईही घेऊन गेला आहे, हे मला आत्ता कळत होतं. दुपारी तीनची तिची सावली, तिची घोंगडी, ओल्या लोकरीचा वास. सगळं त्याच्या डोळ्यांसमोर दिसतं. त्याच्या आईला बसलेली कुणी पाहिली नव्हती; आता माझ्या आईच्या जागी बसून त्याला तिच्यासाठी रडायचं आहे.

मी त्याला सांगू शकले असते की असा कट्टा तुमच्याकडे कधी नव्हता, दाराशी चिखल होता. तेवढ्याने त्याचं उरलंसुरलं गाव पडलं असतं. पण सांगितलं असतं तर माझ्या आईचं नाव त्याच्या कानात घालावं लागलं असतं. ते मी करणार नाही. बसू दे त्याची आई तिथे, त्याच्या डोक्यात. तो स्वतः मात्र तिथे बसणार नाही.

मध्यंतरी इथला आठवडा बदलला. आता दुबईत शनिवार-रविवार सुट्टी असते, आमच्या शारजात शुक्रवारही. सरकारने रविवार उचलून दुसरीकडे ठेवला. माझा रविवार आहे तिथेच आहे. इतक्या थंड्या मी तो धुऊन-पुसून जपला आहे, आणि पहिल्यांदाच कुणीतरी तो मागायला माझ्या दारात उभं होतं. शनिवारी रात्री त्याचं विमान. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, मी मोकळी, गाडी खाली उभी. शब्द माझ्या जिभेवर तयार होता, टाळूला टेकलेला. दोन्ही कडांनी वारा सोडायचा तेवढा बाकी होता.

“धुकं फार आहे,” तो म्हणाला. “हॉटेलच्या खिडकीतून काहीच दिसत नाही. ऐकतेस ना? नेशील ना मला?”

मी म्हटलं, “नेईन.”

पलीकडे त्याचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला, बारीक, शिट्टीसारखा. मग त्याने विचारलं,

“कधी?”